हिमरूचा माग आणि पाहुणा

इंडोनेशियातील योग्यकार्ता नगरीत पाहुणा बाटिकचे कापड केवळ विकत घेत नाही. वितळलेल्या मेणाने नक्षी रेखाटण्यास तो काही तास शिकतो आणि त्या शिकवणीचे मोल मोजतो. २००९ साली युनेस्कोने बाटिकचा अमूर्त वारशात समावेश केला, तेव्हा पेकालोंगानच्या बाटिक संग्रहालयाच्या सहकार्याने शाळांतून चाललेल्या शिक्षणाचीही स्वतंत्र दखल घेतली.

अजिंठा-वेरूळसाठी छत्रपती संभाजीनगरात उतरणाऱ्या प्रवाशाला मात्र हिमरूचा माग क्षणभर दाखवून बहुधा विक्रीच्या दालनाकडे वळविले जाते. सुती ताण्यावर रेशमी बाण्याने वेलबुट्टी उमटविणारा विणकर तेथे केवळ शोभेपुरता उरतो. हिमरू एका सकाळीत कोणालाच साधणार नाही, हे खरे. परंतु स्वतः चार धागे गुंफून पाहिलेला माणूस किमतीची घासाघीस करताना निदान अडखळेल.

म्हणून पर्यटन खात्याने अशा शिकवण्या अवश्य सुरू कराव्यात. मात्र शुल्क मध्यस्थाच्या नव्हे, विणकराच्या हाती पडले पाहिजे. आणि पाहुणा उठून गेल्यावर त्याच मागावर गावातील मुले बसली पाहिजेत. पाहुण्याचा पैसा हे साधन आहे. कलेला वारस लाभणे हेच साध्य होय.