अब्बांच्या स्कूटरची टाकी

मागच्या अंकात आम्ही देगच्यांच्या कल्हईवर लिहिले होते. ते वाचून एका भगिनीने कळवले, "भांड्यांचे झाले, आता अंगणात गंजत पडलेल्या गाड्यांवरही लिहा." पत्र वाचून आम्ही जरा ओशाळलो. कारण आमच्याच अंगणात एक स्कूटर आठ वर्षे ताडपत्रीखाली उभी होती.

स्कूटर अब्बांची. बजाज चेतक, टू-स्ट्रोक, १९९४ ची. त्याच वर्षी आमच्या दारव्ह्यावरून जाणाऱ्या शकुंतला रेल्वेचे वाफेचे इंजिन जाऊन डिझेलचे आले होते, त्यामुळे खरेदीचे साल घरात कोणी विसरत नाही. आता ती गाडीही बंद आहे. अब्बांनी या स्कूटरवर खेड्यापाड्यांत मास्तरकी केली, आम्हा भावंडांना परीक्षेच्या केंद्रावर सोडले, कापसाच्या हंगामात मामूंना बाजारपेठेत पोहोचवले. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणेही जवळजवळ गेले. समजते सगळे, पण शब्द ओठांवर येत नाही. ओसरीत त्यांची खाट आहे आणि खाटेसमोर ती ताडपत्री.

पुण्याहून आलेले भाऊ म्हणाले, "भंगारात देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." अब्बांनी भिंतीकडे तोंड केले आणि त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून भंगाराचा विषय निघाला नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आणि अकरावीतले आमचे चिरंजीव, दोघांनी स्कूटर सुरू करायचे ठरवले.

चेतकची टाकी सीटखाली, अंगाच्या आत बसवलेली असते. झाकण उघडले तर जुन्या वार्निशसारखा आंबूस वास आला. बॅटरीचा उजेड टाकला तर तळाला तपकिरी पापुद्रे. चिरंजीव म्हणाले, "पेट्रोलमध्ये लोखंड गंजतेच कसे?" प्रश्न रास्त आहे. गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही लागतात. टाकी अर्धी रिकामी असली की वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा राहते. रात्री पत्रा गार झाला की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि खाली उतरतात. पेट्रोल पाण्याहून हलके, म्हणून पाणी थेट तळाशी जाऊन बसते आणि नेमका तिथूनच कॉकमार्गे कार्बोरेटरला पुरवठा होतो. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि ओलावा फार झाला की पाण्यासह वेगळे होऊन तळाला जाते. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल बदलत राहते, म्हणून याचा फारसा त्रास नाही. महिनोन्महिने उभ्या गाडीत मात्र ते टाकी खाते. म्हणून गाडी पावसाळाभर उभी ठेवायची असेल तर टाकी एक तर काठोकाठ भरावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून आतून तेलाचा हात द्यावा. आम्ही दोन्ही केले नव्हते.

आता जे घडले ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. टाकी सोडवून आम्ही अंगणात आणली आणि तळाचे कुजके पेट्रोल घमेल्यात ओतू लागलो. सकाळची वेळ होती. दहा-बारा फुटांवर आंघोळीचा बंब पेटलेला. रोजचाच, म्हणून आमच्या डोळ्यांना तो दिसलाच नाही. शेजारची दोन मुले उकिडवी बसून आमची गंमत बघत होती. एवढ्यात ओसरीतून आवाज आला, "बंब!"

आठ वर्षांत अब्बांचा इतका स्पष्ट शब्द आम्ही ऐकला नव्हता. ते खाटेवर अर्धे उठून डाव्या हाताने बंबाकडे बोट दाखवत होते. चिरंजिवांनी घमेल्यावर परात झाकली आणि ते उचलून मागच्या मोकळ्या जागेत नेले, आम्ही टाकी त्यांच्यामागे नेली. अम्मींनी मुलांना ओढून बाहेर काढले आणि मग निखाऱ्यांवर बादलीभर पाणी ओतले. त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि लांबच्या चुलीपर्यंत पोहोचते. हा धडा आम्ही दरवर्षी वर्गात शिकवतो! शंभर भाग हवेत दीड ते साडेसात भाग वाफ मिसळली की ठिणगी पुरते. म्हणूनच रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची. भरलेलीत वाफेला आणि हवेला जागाच कमी. 'रिकामीच तर आहे' म्हणून टाकी वेल्डिंगवाल्याकडे नेतात, काडी पेटवून आत डोकावतात. हे कधीही करू नये. टाकी नीट धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत उघड्यावर ठेवल्याशिवाय तिच्याजवळ आग, विडी, स्विच, ड्रिल काहीही नको.

पुढचे सगळे काम मागच्या वावरात झाले. कॉक आणि त्याचे रबर काढून भोकाला बोल्ट आणि रबरी वॉशर लावला. आधी साबणाच्या पावडरच्या पाण्याने टाकी तीनदा धुतली, कारण तेलकट थरावर आंबट पाणी काम करत नाही. मग मूठभर जुने नटबोल्ट आत टाकून खळखळवली. नट मोजून टाकावेत आणि मोजूनच काढावेत. आमचे चोवीस गेले, तेवीस निघाले. शेवटचा काढायला अर्धा तास टाकी उलटीसुलटी करत बसलो.

गल्लीतल्या एका कारागिराने सल्ला दिला होता, "संडासचे ॲसिड टाका, दहा मिनिटांत चकाचक." आम्ही ऐकले नाही. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खाते, पातळ जागी भोके पाडते आणि त्याच्या वाफेने छाती भरते. तांब्याच्या देगचीवर आपण चिंच चोळतो, तेच शहाणपण इथे चालते. लिंबूसत्त्व, ज्याला घरात निंबू का फूल म्हणतो, ते लिटरभर कोमट पाण्याला साधारण साठ ग्रॅम घेतले आणि टाकी गळ्यापर्यंत भरली. गंज वरच्या बाजूलाही असतो, म्हणून अर्धी भरून भागत नाही. झाकण सैल ठेवायचे, आत वायू तयार होतो. पांढरा सिरकाही चालतो, पण एवढी टाकी भरायला महाग पडतो. रात्रभर ठेवले, सकाळी पाणी काळपट-हिरवे झाले होते. ते काढून पुन्हा ताजे भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी आत राखाडी पत्रा दिसू लागला. गंज निघाल्यावर आंबट पाणी आत ठेवून झोपू नये, मग ते पत्र्याच्या मागे लागते.

यानंतरची घाई फार महत्त्वाची. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांतच पुन्हा लालसर होतो. आंबटपणा मारायला खाण्याच्या सोड्याचे पाणी फिरवले (फेस येतो, झाकण लावू नका), मग साध्या पाण्याने खळबळून टाकी लगेच कडक उन्हात उलटी ठेवली. आतून पूर्ण सुकताच वाटीभर टू-टी ऑइल घालून ती सगळ्या बाजूंनी फिरवली. धुण्याचे तेलकट पाणी नालीत किंवा विहिरीजवळ टाकू नये. आम्ही ते आणि जुने पेट्रोल वेगवेगळ्या डब्यांत भरून गॅरेजवाल्या उस्तादांना दिले.

उस्तादांनी टाकी उन्हाकडे धरून पाहिली आणि म्हणाले, "नशीब, भोक नाही." असते तर आतून इथेनॉलला टिकणारा अस्तराचा लेप द्यावा लागला असता, किंवा जुनी पण धड टाकी शोधावी लागली असती. त्यांनी कार्बोरेटर उघडून जेट साफ केला, पेट्रोलची नळी बदलली आणि मध्ये एक छोटा पारदर्शक फिल्टर बसवला. एकविसाव्या किकला इंजिन फुरफुरले आणि सगळे अंगण पांढऱ्या धुराने भरले. अब्बांना खोकला आला, तरी ते हाताने 'चालू राहू द्या' अशी खूण करत होते.

काम संपले असे मात्र नाही. चौथ्या दिवशी फिल्टर तपकिरी झाला, गाडी बंद पडली. कोपऱ्यांत अडकलेली पूड सुटत होती. दुसरा फिल्टर दहा दिवस टिकला, तिसरा आजवर स्वच्छ आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते, ते राहून गेले आहे. म्हणून तोवर गाडी अंगणातच सुरू होते, रस्त्यावर जात नाही. यवतमाळच्या आरटीओत न्यायचे कागद जुळवतो आहोत. विम्याचा कागद अब्बांच्या पेटीत सापडला, आरसी बुक अजून सापडलेले नाही. अम्मी म्हणतात ते त्यांनीच कुठेतरी जपून ठेवले आहे.