खुलासा म्हणजे जनसंपर्क नव्हे

विद्यापीठाच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचे काम प्रतिमा सांभाळण्याचे, असे मानणारे लोक विद्यापीठांत आजही बहुसंख्य आहेत. त्यांचे म्हणणे असे: एका परीक्षेचा घोळ छापून आला की लोकांच्या मनात सगळ्याच पदव्यांविषयी शंकेची पाल चुकचुकते, आणि मुलाखतीत त्याची शिक्षा रात्री जागून प्रामाणिकपणे उत्तीर्ण झालेल्या मुलाला होते. म्हणून चांगले ते बाहेर जावे, वाईट ते आत राहावे, आणि बाहेर गेलेच तर ताबडतोब खुलासा व्हावा. या म्हणण्यात विद्यार्थ्याविषयी कळकळ आहे, हे मी नाकारत नाही. पण याच खुर्चीत नोकरी सरली आणि माझे मत नेमके उलटे झाले. वाईट बातमीने विद्यापीठाची पत जात नाही. ती बातमी विद्यार्थ्याला विद्यापीठाकडून न कळता दुसरीकडून कळते, तेव्हा जाते.

मुंबई विद्यापीठाचे २०१७ साल आठवा. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचे त्या वर्षी ठरले. लाखो उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांना नवी पद्धत शिकवायची, आणि सगळे त्याच उन्हाळ्यात उरकायचे. निकाल रखडले. कुलपतींनी ३१ जुलैची मुदत घातली, ती हुकली. पुढच्या तारखा दिल्या गेल्या, त्याही हुकल्या. सप्टेंबर उजाडला तरी काही निकाल बाकी होते आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. मूळ दोष तयारीविना पद्धत बदलण्याचा होता. कुठल्याही प्रसिद्धीपत्रकाने तो झाकला गेला नसता. पण परदेशात प्रवेश मिळालेल्या मुलाला ‘तुमचा निकाल ऑगस्टमध्येही लागणार नाही’ असे जुलैतच स्पष्ट कळले असते, तर तिकडच्या विद्यापीठाला पत्र लिहून मुदत तरी मागता आली असती. हुकणाऱ्या प्रत्येक तारखेने त्याला नुसते ताटकळत ठेवले. उशीर त्याने एक वेळ सोसला असता. खोटी ठरलेली तारीख कोण विसरेल?

खुलासा कसा तयार होतो, तेही पाहण्यासारखे आहे. सकाळी कात्रणांची फाइल वर जाते. तासाभरात ती परत येते, एका बातमीभोवती लाल वर्तुळ आणि समासात शेरा: ‘खुलासा करावा.’ मग मजकूर ठरलेलाच. सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही, निकाल विहित मुदतीत जाहीर झाला आहे, विद्यार्थ्यांनी अफवांवर विश्वास ठेवू नये. आता परीक्षा विभागात खाली उतरून विचारा. एका केंद्रावरचे गुण आलेले नाहीत, म्हणून त्या केंद्रावरच्या सगळ्या मुलांचे निकाल ‘राखीव’ आहेत. म्हणजे खुलाशातले प्रत्येक वाक्य कागदोपत्री खरे आणि बातमीही खरी. संध्याकाळी एखाद्या तालुक्याच्या गावातून मुलीचा फोन येतो, “मॅडम, निकाल लागला म्हणतात, मग माझा कुठंय?” या प्रश्नाचे उत्तर त्या खुलाशात कुठेच नसते. खुलासा तिच्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो वरच्या मजल्यासाठी लिहिलेला असतो.

माझे म्हणणे एवढेच, की तो फोन हाच जनसंपर्क. दिवसभरात कोणी काय विचारले याची नोंद ठेवावी आणि ती संध्याकाळी परीक्षा संचालकांच्या टेबलावर जावी. एकाच विषयाच्या गुणांबद्दल चार गावांतून विचारणा झाली, तर घोळ कुठे आहे हे पत्रकाराच्या आधी आपल्याला कळते. बाहेरचे आत नेणे हे या पदाचे निम्म्याहून अधिक काम आहे, आणि नेमके तेच कुठल्या कार्यसूचीत लिहिलेले नसते.

कायदाही याच बाजूचा आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा लोकांना फक्त अर्जांपुरता आठवतो. पण ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्यांना त्याची कारणे आपणहून द्यावीत, असे त्याच कायद्याचे चौथे कलम सांगते. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले. आता ‘आत ठेवण्यासारखे’ फारसे उरलेच आहे कुठे?

दुसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येतो आणि तो जास्त आदराने घ्यायला हवा. ते म्हणतात, काम बोलते; विद्यापीठाला जाहिरातबाजी शोभत नाही. जाहिरातबाजीबद्दल मी त्यांच्याच बाजूने आहे. कोलंबिया विद्यापीठाची क्रमवारीसाठी पाठवलेली आकडेवारी २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापकाने, मायकेल थॅडियस यांनी, उघडी पाडली आणि दुसऱ्या क्रमांकावरचे विद्यापीठ अठराव्यावर आले. पण काम आपोआप बोलते, हे मला मुळीच मान्य नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे पाहा. पाडेगावच्या केंद्रावरचा ‘फुले २६५’ ऊस किंवा रब्बी ज्वारीची ‘फुले वसुधा’ शेतकऱ्याला नावानिशी माहीत आहे. संशोधन उत्तम होते हे खरेच. पण ते दरवर्षीच्या ‘कृषिदर्शनी’तून, मेळाव्यांतून, बांधावरच्या प्रात्यक्षिकांतून शेतकऱ्याच्या भाषेत सांगितलेही गेले. शेतकऱ्याने उलट विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे दिली गेली. माझ्या लेखी हा महाराष्ट्रातला विद्यापीठीय जनसंपर्काचा अव्वल नमुना आहे, आणि त्यात कोणाच्या प्रतिमेची चिंता कुठे दिसत नाही. आपल्या इतर विद्यापीठांतले कितीतरी चांगले प्रबंध मात्र ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडतात, याचे मला मनापासून दुःख आहे.

समाजमाध्यमे आल्यावर हे पदच लागणार नाही, असेही काही जण म्हणतात. उलट रात्री अकराला ‘उद्याचा पेपर रद्द’ असे बनावट परिपत्रक फिरू लागले की पहिला फोन याच माणसाला येतो. त्याचा शब्द आजवर खरा ठरलेला असेल तरच मुलगा सकाळची एसटी पकडून केंद्रावर पोचतो.

तेव्हा मागणी साधी आहे. हे पद कोणाकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून टाकू नये. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या बैठकीला या अधिकाऱ्याला बोलवावे. मत नको, पण निर्णय होताना तिथे असावे. आणि कोणतीही अडचण आली तर त्याच दिवशी निवेदन निघावे. काय झाले, कोणाच्या बाबतीत झाले, त्यांनी आता कुठे आणि केव्हापर्यंत जायचे, पुढची माहिती कधी मिळेल, एवढे त्यात असावे. तारीख पाळता येणार नसेल तर तारीख देऊ नये, कारण द्यावे. यासाठी नवा कायदा लागत नाही की नवा निधी. कुलसचिवांच्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे, आणि ते येत्या उन्हाळी परीक्षेआधी निघायला हवे.