रुईवर कुऱ्हाड कशासाठी?

शनिवारी मारुतीच्या गळ्यात रुईच्या पानांची माळ घालावयाची आणि सोमवारी आवाराच्या स्वच्छतेसाठी तीच रुई मुळासकट उपटून टाकावयाची, हा विसंवाद आता सर्वांच्या अंगवळणी पडला आहे. रथसप्तमीच्या स्नानात अर्कपत्राला स्थान आहे, नवग्रहांच्या समिधांत सूर्यासाठी अर्काचीच समिधा लागते. परंतु देवळाची पायरी उतरताच हीच वनस्पती निव्वळ ‘रान’ ठरते. रस्तारुंदीकरण असो वा सुशोभन, पहिला घाव तिच्यावरच पडतो.

वस्तुतः रुईइतकी स्वावलंबी वनस्पती विरळाच. मुरमाड माळावर, रेल्वेच्या कडेला, पडक्या भिंतीशी ती खोल मुळांच्या बळावर उभी राहते आणि सारा परिसर करपलेला असतानाही फुलते. तिच्या विषारी चिकामुळे गुरे सहसा तिला तोंड लावीत नाहीत. पण सर्वांना वर्ज्य असलेला हाच चीक काही जिवांना कवचासारखा उपयोगी पडतो. ‘प्लेन टायगर’ या नारिंगी फुलपाखराची मादी रुईच्या किंवा तिच्या कुळातील वनस्पतींच्या पानांवर एकेक अंडे घालते. काळ्या, पांढऱ्या व पिवळ्या पट्ट्यांची अळी ती पाने खाऊन त्यांतील विष शरीरात साठवते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या रंगाच्या वाटेला जात नाही. हे संरक्षण एवढे प्रभावी आहे, की ‘डॅनेड एगफ्लाय’ या वेगळ्या, बिनविषारी फुलपाखराच्या मादीने तोच वेष घेतला आहे! पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा टोळ याच पानांवर जगतो. रुईचे परागकण सुटे नसून चिकट पुंजक्यांत असतात. ते पायांना अडकवून दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचविण्याचे काम मोठे काळे भुंगे करतात. शिंजीरही मधासाठी येतो. फळ तडकले, की ज्या ‘म्हाताऱ्या’ धरण्यासाठी मुले धावतात, त्या रुईच्या बियाच होत.

महाराष्ट्राने २०१५ साली ‘ब्लू मॉरमॉन’ला राज्य फुलपाखराचा मान दिला, हे उचितच झाले. मात्र फुलपाखराचा गौरव करावयाचा आणि अळीचे पान तोडावयाचे, यात संगती नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेवर जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमण्याची जबाबदारी टाकली आहे; लोकजैवविविधता नोंदवही सिद्ध करणे हे त्या समितीचे काम आहे. नोंदवहीत रुईचे नाव असावे आणि सफाईच्या ठेक्यात तिला अभय नसावे, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, हा आक्षेप खरा आहे. मुलांच्या खेळाच्या जागेत ती नसावी, हे मान्यच केले पाहिजे. पण कुंपणाची कड, मैदानाचा कोपरा, कचेरीमागची जागा येथे तिचा उपद्रव तो कोणता? छाटणी आवश्यकच असेल, तर ती टप्प्याटप्प्याने करावी. अंड्यापासून फुलपाखरू होण्यास साधारणतः तीन-चार आठवडे लागतात. छाटलेली रुई पुन्हा फुटते. मात्र एकाच दिवशी सारी झुडपे तोडली, तर त्यांवरील पिढी संपते. यंत्राने मुळेच उखडली, तर पुढच्या पिढीलाही आसरा उरत नाही, आणि त्या मोकळ्या जमिनीवर गाजरगवत हातपाय पसरू लागते.

वृक्षारोपणासाठी खड्डे, रोपे, पाणी आणि समारंभ लागतात. रुईसाठी यांपैकी काहीच लागत नाही. तिला तिच्या जागी राहू देणे एवढेच पुरे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना कुंपणाशी नेऊन पानाखालचे अंडे दाखविले, तर पुस्तकातील फुलपाखराचे जीवनचक्र त्यांना डोळ्यांनी पाहता येईल. ज्या जमिनीला सरकारी दप्तर ‘पडीक’ म्हणते, ती ओसाड असतेच असे नाही. तेथे कोण राहते, याची चौकशी कुऱ्हाड उचलण्यापूर्वी व्हावी, एवढी अपेक्षा गैरवाजवी खासच नाही.