रक्ताची उलटी झालेला रुग्ण आधी सिस्टरच्या हाती येतो



पोटातला रक्तस्राव वरून दिसत नाही. जठरातल्या अल्सरमधून रक्त वाहू लागते, किंवा दारूने अथवा जुन्या काविळीने यकृत निकामी होत गेल्यावर अन्ननलिकेत फुगलेली शीर फुटते, तेव्हाही रुग्ण कधी कधी ‘जरा गरगरतंय’ म्हणत आपल्या पायांनी चालत येतो. हिमोग्लोबिनसुद्धा पहिले काही तास फारसे उतरलेले नसते. रात्री दोन वाजता तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर बाळंतपणात अडकलेले असले, तर या रुग्णाला ओळखायचे असते कॅज्युअल्टीतल्या सिस्टरने. तिथल्या प्रत्येक परिचारिकेला या आजाराचे, हाताने करून शिकायचे प्रशिक्षण मिळावे, असा आग्रह आपण सर्वांनी धरावा, यासाठी हे आवाहन.

शिकलेली सिस्टर आधी विचारते, ‘शी डांबरासारखी काळी, चिकट होते का? गुडघेदुखीच्या गोळ्या, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?’ मग नाडी आणि वरचे बीपी शेजारी शेजारी ठेवून पाहते. नाडी १२० आणि बीपी १०० असेल, तर रुग्ण बोलत असला तरी तो धोक्यात आहे. बीपीच्या काही गोळ्यांमुळे नाडी वाढतच नाही, हेही तिला ठाऊक असते. शिरा मिटण्याआधी ती दोन्ही हातांना १६ किंवा १८ नंबरच्या जाड सुया लावते आणि रक्तगट व क्रॉसमॅचसाठी नमुना काढून घेते. उलटी श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून रुग्णाला डाव्या कुशीवर वळवते, सक्शन हाताशी ठेवते, तोंडाने पाणीही देऊ देत नाही. दर पंधरा मिनिटांनी नोंद करते. दुर्बिणीची तपासणी साधारण २४ तासांच्या आत व्हावी लागते, म्हणून पुढच्या रुग्णालयाला आधीच फोन जातो.

यातले काही ज्ञान नवे आहे. रक्त थांबवण्यासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडने या रुग्णांचे मृत्यू कमी होत नाहीत, उलट शिरांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, हे १२ हजारांवर रुग्णांच्या अभ्यासातून २०२० साली पुढे आले. रक्तही गरजेपुरतेच द्यावे लागते. फुगलेल्या शिरांच्या रुग्णाला जादा रक्त चढवले तर स्राव पुन्हा सुरू होऊ शकतो. वर्षानुवर्षांची सवय एका परिपत्रकाने बदलत नाही. त्यासाठी सराव हवा, आणि तोही दरवर्षी.

रुग्ण कल्याण समितीच्या सदस्यांनी हा विषय पुढच्याच बैठकीत घ्यावा. शिकायला जाणाऱ्या सिस्टरच्या जागी ड्युटीला दुसरी सिस्टर मिळालीच पाहिजे, नाहीतर प्रशिक्षण हजेरीपटावरच राहील. वैद्यकीय महाविद्यालयांतील पोटविकारतज्ज्ञांनी आणि निवृत्त परिचारिकांनी शिकवण्यासाठी वेळ द्यावा. देणगीदारांनी खोलीला नाव देण्यापेक्षा सुई लावण्याच्या सरावाचा कृत्रिम हात आणि एक चालू सक्शन मशीन द्यावे. तरुण मंडळांनी रक्तदान शिबिरे उत्सवापुरती न ठेवता एप्रिल-मेमध्येही घ्यावीत. रक्तपेढ्या तेव्हाच रिकाम्या होतात.

आणि नातेवाइकांनो, सिस्टर प्रश्न विचारते तेव्हा तिच्यावर ओरडू नका. दारूचे खरे सांगा. रक्ताची उलटी किंवा काळी शी झाली, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा आणि घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घेऊन या.