आईच्या दुधामुळे तापातली आकडी टळते का? शहापूर-मुरबाडमध्ये खरा प्रश्न वेगळाच

तापानं फणफणलेलं मूल अचानक ताठ होतं, डोळे फिरवतं, हातपाय झटकायला लागतं. गावाकडे याला आकडी म्हणतात. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या साधारण २ ते ५ मुलांना ती कधी ना कधी येते. बहुतेकदा काही मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजाही होत नाही.

मग आईच्या दुधाचा संबंध काय? जपानमधला एक देशव्यापी अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनपान मिळालेल्या मुलांना तापातल्या झटक्यांसाठी रुग्णालयात दाखल करण्याचं प्रमाण त्यात कमी दिसलं. दुधातून प्रतिपिंडं मिळतात, जुलाब आणि श्वसनाचे संसर्ग कमी होतात. ताप कमी, तर आकडीची वेळही कमी. पण ही हमी नाही. आईचं दूध पिणाऱ्या बाळालाही आकडी येऊ शकते, त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. त्यामुळे 'आईनं नीट पाजलं नाही' हा ठपका निराधारच.

पाजायला तिला वेळ मिळतो का, हे कुणी विचारत नाही. दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरची अनेक कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, सोबत तान्हं बाळही. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा सल्ला तिनंही ऐकलेला असतो. पण मजुरी हजार विटांमागे मिळते आणि उचल आधीच घेतलेली असते. दर दोन-तीन तासांनी उठायचं कसं? २०१७ पासून कायद्यात २६ आठवड्यांची प्रसूती रजा आहे. भट्टीवर तिचा विषयही निघत नाही. आदिवासी भागातल्या स्तनदा मातांना अमृत आहार योजनेतून एक वेळचं जेवण मिळतं, तेही अंगणवाडीत. गाव सुटलं की ताटही सुटतं.

आकडी आलीच, तर बाळाला कुशीवर वळवा आणि वेळ बघा. तोंडात चमचा, पाणी, औषध काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवून उपयोग नाही. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. गाडी पाड्यापर्यंत पोहोचत नसेल, तर वाट न बघता बाळाला घेऊन रस्त्याकडे निघा. पहिलीच आकडी असेल तर ती थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण मेंदुज्वर किंवा मलेरियातही असेच झटके येतात. सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल किंवा झटक्यानंतर ते नीट जागं होत नसेल, तर थेट रुग्णालय गाठा.