वीर मरेना, कथा सरेना

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी दोन गोष्टी हटकून होतात. चकलीला काटा आला की नाही यावर वडीलधाऱ्यांचे एकमत होत नाही, आणि तरुण मंडळींत सिनेमावरून भांडण जुंपते. पूर्वी या भांडणात आपल्याकडच्या नटनट्यांची नावे निघत. हल्ली अमेरिकेतल्या सुपरहिरोंची निघतात. गेल्या दिवाळीत माझी मुलगी आणि माझा पुतण्या यांच्यात जी खडाजंगी झाली, ती ऐकून शेजारच्या आजी काठी टेकीत दारापर्यंत आल्या. त्यांना वाटले, जमिनीच्या वाटणीचा वाद आहे!

पुतण्याचे म्हणणे असे : "२०१९ साली 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' आला आणि सोन्याचे दिवस संपले. त्यानंतर जे निघाले ते सारे भुसकट." त्यावर मुलगी उसळून म्हणाली, "दादा, तुला भुसकट वाटते कारण आता नायकाच्या जागी नायिका आली. बाई उडू लागली की तुझ्या पोटात दुखते!" शेवटी पुतण्या माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच सांगा, कोणाचे खरे?"

मी जे सांगितले ते दोघांनाही आवडले नाही. न्यायाधीशाच्या नशिबी याहून निराळे काय असायचे? पण त्या दिवशी चहा निवत होता म्हणून जे तुटक बोललो, ते येथे नीट मांडावे असे वाटते. कारण हा वाद केवळ माझ्या घरचा नाही, आणि तो केवळ सिनेमाचाही नाही.

ज्यांच्या घरात हे वारे अजून शिरलेले नाही, त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका. २००८ साली 'आयर्न मॅन' नावाचा चित्रपट आला. पुढल्याच वर्षी डिस्नेने मार्व्हल ही कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरना विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. एका चित्रपटाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडात देत देत ही साखळी बाविसाव्या कडीपर्यंत, म्हणजे 'एंडगेम'पर्यंत आली. त्या एका चित्रपटाने जगभर सुमारे २८० कोटी डॉलरचा गल्ला जमवला. मग २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांत याच घराण्याचे ७ चित्रपट आणि घरच्या पडद्यासाठी ८ मालिका बाहेर पडल्या. आणि २०२३ साली 'द मार्व्हल्स' आला, त्याने जेमतेम २० कोटी डॉलर मिळवले. त्या घराण्यात तोवर इतकी कमी मिळकत कोणाचीच नव्हती. २८० कोटींवरून २० कोटींवर! पेढीचा मुनीमसुद्धा अशा जमाखर्चाकडे बघून चष्मा पुसू लागेल.

हे का झाले, यावरच सारे रण माजले आहे. एक पक्ष म्हणतो, नायिकांनी घात केला. आता याला काय म्हणावे? 'द मार्व्हल्स'ची जी मुख्य नायिका, तीच २०१९ साली 'कॅप्टन मार्व्हल'ची नायिका होती. तो चित्रपट पडद्यावर येण्याआधीच त्याच्यावर शेणफेक सुरू झाली होती. इतकी, की एका परीक्षणसंकलन करणाऱ्या संस्थेला प्रदर्शनापूर्वीची प्रेक्षक-शेरेबाजीच बंद करावी लागली. तरीही त्याने ११० कोटी डॉलरच्या वर मिळवले. बाई तीच, वेष तोच, उड्डाणही तेच. मग चार वर्षांत बाईने असे काय पाप केले? पुतण्याने या प्रश्नावर अनारसा तोंडात टाकला, आणि तोंड भरलेले असताना उत्तर द्यायचे नसते हा शिष्टाचार पाळला.

दुसरा पक्ष म्हणतो, चित्रपट उत्तमच आहेत. टीका करणारे सारे खडूस आणि पूर्वग्रहदूषित. हेही तितकेच पोकळ आहे. 'द मार्व्हल्स' नीट समजायचा असेल तर आधीचा चित्रपट पाहिलेला हवा, शिवाय तिघींपैकी दोघींची कुळकथा कळण्यासाठी दोन वेगळ्या मालिकाही पाहिलेल्या हव्यात. म्हणजे तिकीट काढून करमणुकीला जायचे, आणि जाण्यापूर्वी आठवडाभर अभ्यासाला बसायचे! शाळेत गृहपाठ चुकवणाऱ्या पोरांनी पैसे देऊन गृहपाठ का करावा? लोक गेले नाहीत, यात त्यांचा पूर्वग्रह कमी आणि व्यवहारज्ञान जास्त आहे. डिस्नेचे प्रमुख बॉब आयगर यांनीही २०२३ साली कबूल केले, की संख्या वाढवण्याच्या नादात लक्ष विरळ झाले. दुकानदार स्वतः सांगतो की दुधात पाणी पडले, आणि गिऱ्हाईक शपथेवर सांगते की नाही हो, अगदी निरसे आहे! असली निष्ठा देवळात शोभेल. चित्रपटगृहात ती हास्यास्पद होते.

तिसराही एक पक्ष आहे. तो विद्वानांचा. ते म्हणतात, तीच ती मारामारी किती वेळा पाहायची? मला हा आक्षेप सर्वांत लटका वाटतो. तीच कथा पुन्हा ऐकण्याचा कंटाळा येत असता, तर आपल्याकडे कीर्तन केव्हाच बंद पडले असते. सीतास्वयंवरात धनुष्य कोण मोडणार हे समोरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तरी बुवांनी आख्यान रंगवले की म्हातारेकोतारे पुढे सरकून बसतात. पण बुवा एक गोष्ट करतात, जी या साखळीवाल्यांना साधत नाही. ते त्या रात्रीचे आख्यान त्या रात्री संपवतात, आरती ओवाळतात आणि श्रोत्यांना घरी पाठवतात. 'यापुढचे कळायचे असेल तर अमक्या गावच्या दोन कीर्तनांना हजेरी लावा,' असे सांगणाऱ्या बुवांच्या ताटात दक्षिणा कोण टाकील?

माझ्या मते रोगाचे मूळ येथे आहे. ज्या कथेला संपायचेच नाही, त्या कथेत काहीही पणाला लागू शकत नाही. अभिमन्यू चक्रव्यूहात पडला तो पडला. म्हणून तर आपल्या आजीचा आवाज त्या ठिकाणी कापरा होत असे. तो पुढल्या पर्वात दुसऱ्या कुठल्या विश्वातून हसत परत आला असता, तर आजीने सुपारी कातरत कातरत ती गोष्ट सांगितली असती. 'एंडगेम'मध्ये आयर्न मॅन मेला, तेव्हा आमचा पुतण्या दोन दिवस धड जेवला नव्हता. मी साक्षीदार आहे. जुलै २०२४ मध्ये सान डिएगोच्या मेळ्यात जाहीर झाले, की तोच नट रॉबर्ट डाउनी ज्युनियर आता नवा मुखवटा चढवून खलनायक म्हणून येणार. २०१७ च्या 'लोगन'मध्ये वुल्व्हरिनला मूठमाती दिली होती. २०२४ साली दुसऱ्या विश्वातला तसलाच वुल्व्हरिन आणला, आणि त्या चित्रपटाने १३० कोटी डॉलरच्या वर कमावले. 'वीरपटांचा लोकांना कंटाळा आला' म्हणणाऱ्यांनी हा आकडा पाहावा. कंटाळा आलेला नाही. पण आपण ज्याच्यासाठी रडलो होतो, तोच तोंडवळा पुन्हा विकत घ्यायला लोक रांग लावतात, आणि त्या रांगेत आपलेच जुने अश्रू स्वस्त होतात, हे कोणी बोलत नाही.

मार्टिन स्कॉर्सेसी या थोर दिग्दर्शकाने २०१९ साली या चित्रपटांना करमणुकीच्या उद्यानांची उपमा दिली, तेव्हा केवढा गहजब झाला! मी म्हणतो, उपमा खरी आहे आणि तिच्यात अपमान नाही. जत्रेतल्या पाळण्यात बसू नये असे कोण म्हणतो? मी स्वतः बसतो आणि वर गेल्यावर डोळेही मिटतो. पण पाळण्यातून उतरून कोणी 'माझा पाळणा तुझ्या पाळण्यापेक्षा थोर' म्हणून डोकी फोडू लागले, तर पाळणेवाला गालात हसतो. त्याला दोन्हीकडून पैसे मिळालेले असतात.

आणि हे पाळणे फिरवतो कोण? 'दृश्ये किती भिकार आहेत' म्हणून जो तो नाक मुरडतो. ती दृश्ये संगणकापुढे रात्री जागवून जी माणसे काढतात, त्यांची कोणी चौकशी केली? सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या दृश्यपरिणाम विभागातल्या कामगारांनी आपली संघटना व्हावी म्हणून एकमुखाने मत दिले. सुखात असलेली माणसे एकमुखाने असे करीत नाहीत. या धंद्याची कुंडलीच अशी आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन छापून आला. त्याचे हक्क त्यांनी विकले होते अवघ्या १३० डॉलरना. त्यांना वार्षिक तनखा मिळायला १९७५ साल उजाडावे लागले, तोही वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर. दीनदुबळ्यांसाठी धावणारा वीर ज्यांनी निर्माण केला, त्यांच्यासाठी तो काही धावला नाही!

मग चाहत्यांनी करावे काय? पाहणे सोडावे? मुळीच नाही. चाहत्यांच्या हाती बळ आहे, हे सिद्ध झालेले आहे. २०१७ चा 'जस्टिस लीग' निम्म्यातून दुसऱ्या हाती गेला होता. मूळ दिग्दर्शक झॅक स्नायडर याची स्वतःची प्रत दाखवा, असा धोशा चाहत्यांनी वर्षानुवर्षे लावला आणि २०२१ साली ती चार तासांची प्रत दाखवणे भाग पडले. त्या चळवळीतल्या हडेलहप्पीचे मी समर्थन करीत नाही. पण तिच्यातल्याच अनेकांनी आत्महत्या रोखणाऱ्या एका संस्थेसाठी निधीही जमवला, हे विसरू नये. एवढे बळ असलेला प्रेक्षक गल्ल्याचे आकडे एकमेकांच्या तोंडावर फेकण्यात ते खर्च करतो, याचे दुःख होते. २०२५ चा 'थंडरबोल्ट्स' पुष्कळ परीक्षकांनी वाखाणला, आणि गल्ला मात्र बेताचा झाला. म्हणून तो वाईट ठरला काय? गल्ला हा मालकाचा विषय आहे. मालकाची वही वाचून जो टाळ्या वाजवतो, तो रसिक नव्हे, बिनपगारी कारकून होय.

त्या दिवशी मी भांडण असे मिटवले. दोघांना म्हटले, "कोणता चित्रपट चांगला ते सांगू नका. वीराने काहीतरी कायमचे गमावले आणि तुम्हाला ते लागले, असा एकच प्रसंग सांगा." बराच वेळ कोणी बोलेना. मग पुतण्या म्हणाला, "'लोगन'च्या शेवटी ती पोरगी थडग्यावरचा क्रूस आडवा करते, ते." मुलगी म्हणाली, "'ब्लॅक पँथर'मध्ये खलनायक मरता मरता सूर्यास्त बघतो, ते. त्याला जगवता येत असते. तोच नको म्हणतो." पुतण्या चटकन म्हणाला, "हो गं, ते खरेच." सबंध दुपारीत त्यांचे प्रथमच एकमत झाले होते.

वादासाठी त्यांनी बावीस चित्रपट वापरले होते. एकमताला दोन मरणे पुरली. शेजारच्या आजी अजून दारातच उभ्या होत्या. त्यांना आत बोलावून बसवले आणि चकली दिली. तिला काटा आला होता.