नव्या डॉक्टरसाहेबांस आमचा रामराम

रा. रा. डॉक्टरसाहेब यांस कृतानेक रामराम, विनंती विशेष.

गावच्या वेशीवर आपले फलक झळकले. अंगात काळा झगा, डोईवर गोंड्याची चौकोनी टोपी आणि नावामागे कोरे करकरीत 'डॉ.'! काल निजताना आपण आमचे साधे अण्णा होता. आज उठला ते डॉक्टर होऊन. त्रिवार अभिनंदन!

शेतकऱ्याच्या पोरीस पीएच.डी. करावयाची तर नियमाने निदान 3 वर्षे लागतात. पुष्कळांची 5-6 जातात. प्रवेश परीक्षा द्या, प्रबंध लिहा, तोंडी परीक्षेस उभे राहा. शिष्यवृत्ती थकली तर रस्त्यावर येऊन बसा. आपण हेच काम शहरातल्या हॉटेलात एका दुपारी, फराळासुद्धा, उरकले! आमची बैलजोडी एका दुपारीत बिघाभर रानही नांगरीत नाही.

आता एक अडाणी शंका. आपले ते विद्यापीठ आहे कोठे? 1956 सालच्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचे 22 वे कलम सांगते की, पदवी देण्याचा अधिकार कायद्याने स्थापलेल्या विद्यापीठास, अभिमत विद्यापीठास, किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थेस आहे, इतरांस नाही. मोडणाऱ्यास 24 व्या कलमाने दंड किती? फार तर 1,000 रुपये! एवढ्यात डीएपीचे एक पोतेही येत नाही. मग हा धंदा बरकतीस का न यावा?

आमच्या आज्यापणज्यास भटजी दक्षिणा घेऊन स्वर्गाची हमी देई. ती खरी की खोटी, हे मेल्यावाचून कळत नसे. हा नवा भटजी झगा घालून येतो आणि दक्षिणेस 'देणगी' म्हणतो. सोवळे बदलले, धंदा तोच. दुःख एवढेच की, ज्या बहुजन समाजाने जोतीरावांपासून हे शिकावयाचे, त्याचेच पुढारी आज या पाटावर ओळीने बसले आहेत.

मानाच्या पदव्या आमच्या माणसांसही मिळाल्या. शाहू महाराजांस केंब्रिजने 1902 साली एलएल.डी. दिली; त्याच वर्षी 26 जुलैस महाराजांनी मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम काढला. कर्मवीर भाऊरावांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पुढे 40 वर्षे खेडोपाडी शाळा व वसतिगृहे उभी केली. तेव्हा कोठे 1959 साली पुणे विद्यापीठाने त्यांस डी.लिट. दिली. बाबासाहेबांनी कोलंबिया व लंडन येथे अभ्यास करून डॉक्टरकी कमावली होती; कोलंबियाने मानाची पदवी दिली ती त्यानंतर, 1952 साली. जोतीरावांस 1888 च्या 11 मे रोजी मुंबईच्या कष्टकरी लोकांनी 'महात्मा' म्हटले. त्यास झगा लागला नाही. आणि अक्षरशत्रू बहिणाबाईंचे नाव 2018 साली जळगावच्या विद्यापीठाने आपल्या माथ्यावर घेतले. यांपैकी कोणी पावती फाडली होती काय?

आपण म्हणाल, यात कोणाचे काय बिघडले? साहेब, बिघडते ते ऐका. फलक पाहून एखादी म्हातारी खोकल्याचे औषध मागावयास येईल, ते सोडून द्या. पण कंदिलापासून दिव्यापर्यंत ज्या घराने पोरास शिकविण्यासाठी दागिना मोडला, त्या घरचे पोर उद्या बापास विचारील, "पैसे टाकून डॉक्टर होता येते, तर मी जागरण का करू?" त्या बापाने काय सांगावे? विद्या हेच ज्याचे एकमेव भांडवल, त्याच्याच भांडवलात आपण खोटे नाणे मिसळले. श्रीमंताचे यात काही जात नाही. त्याच्या पोरास वशिला आहेच.

वाचकांस आमची सूचना: सत्काराचे आमंत्रण आले की, टाळी पिटण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. पदवी कोणी दिली? कशाबद्दल दिली? पैसे किती मोजले? अनुदान आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करितो. गावातील शिकल्या पोरीकडून ती वाचून घ्यावी. वर्गणी मागावयास आले तर तीच रक्कम गरीब मुलीच्या वसतिगृहाच्या फीस द्यावी.

डॉक्टरसाहेब, झगा उतरवून या. चावडीवर आपली जुनी जागा आहे, आणि 'अण्णा' ही पदवी गावाने फुकट दिलेली आहे. ती अद्याप कोणी परत मागितलेली नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक नांगऱ्या